तीन वाजताचा आकडा

आळे गावात आणि फाट्यावर मिळून मी सात घरं पाहिली होती. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार. पिंपरी पेंढारच्या बाजूला एका हायस्कूलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती आणि राहायला खोली हवी होती. सातही घरांत चहाच्या आधी एकच प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव ऐकलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. एका ठिकाणी खोलीच्या कुलपावर धुळीचा थर होता आणि मालक सांगत होता, आत पाव्हणं उतरल्यात. मी म्हणालो, "पाहुण्यांना बाहेरून कुलूप लावता व्हय?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजोबांनी दीक्षा घेतली ती मान वर करून चालता यावं म्हणून. ती मान एका खोलीसाठी खाली घालायची माझी तयारी नव्हती.

आठव्या घराच्या ओट्यावर एक उंच, हाडकुळे गृहस्थ बसले होते. भर दुपारी त्यांच्या हातात बॅटरी होती. डोळे लाल. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. झोप कशी हाय तुमची?"

"म्हणजे?"

"गाढ का सावध?"

मी खरं ते सांगितलं. घोडेगावच्या पलीकडं आमचं पत्र्याचं घर, पत्र्यावर मांजर चाललं तरी जाग यायची. "सावध," मी म्हणालो.

"मग या ऱ्हायाला," ते म्हणाले, आणि बॅटरीचं बटण दोनदा दाबून ती चालते की नाही ते उन्हातच पाहून घेतलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. वस्तीवरही ते कुणी घेत नसे. सगळे त्यांना 'लेवल आण्णा' म्हणत. तीस वर्षं ते आमच्या भागातल्या एका धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते. पावसाळ्यात दर तासाला भिंतीवरची मोजपट्टी बघायची, आकडा रजिस्टरात लिहायचा, वर कळवायचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण दर तासाला उठायची सवय निवृत्त झाली नव्हती. नुसता तास झाला म्हणून उठले असते तर एक वेळ ठीक. पण उठले की त्यांना वाटायचं, काहीतरी राहिलंय. मग गॅसची टाकी बघ, मोटारीचा स्टार्टर बघ, गाईच्या गळ्यातली साखळी ओढून बघ, फाटकाची कडी हलवून बघ. घरात तीन बॅटऱ्या होत्या. एक चालायची, एक ती बंद पडली तर, आणि एक दुसरी बंद पडली तर. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यातली एक मला दिली. ती आजही माझ्या उशाशी असते. पन्नाशी ओलांडल्यावर मलाही आता तिचा उपयोग कळायला लागलाय.

काकूंचं सांगतो. पहिले काही दिवस त्यांनी माझा कप वेगळ्या फळीवर ठेवला. चहा झाला की कप स्वतः विसळायचो आणि त्यांच्या कपांत मिसळून ठेवून द्यायचो. सगळे कप सारखेच होते. चौथ्या दिवशी त्यांनी माझा कप शोधणं सोडलं. पुढं त्याच काकू चतुर्थीला ओझरला जाऊन आल्या की प्रसादाचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमी मानीत नाय ते ठावं हाय मला. गोड म्हनून खावा."

रात्री माझ्या खिडकीवर टकटक व्हायची.

"सर, झोपला का?"

झोपलेलो असलो तरी त्या आवाजानं उठायचो. "नाही आण्णा. जागा आहे. पेपर तपासतोय."

"हां. मग मी पडतो जरा."

एवढंच. मी दिवा ठेवून पेपर तपासत बसलो की ओट्यावरून घोरणं ऐकू यायचं. दिवा मालवला की दहा मिनिटांत खोकला. मला वाटायचं, माणूस तऱ्हेवाईक आहे आणि भाडेकरूला छळायची ही एक रीत आहे. यापलीकडं मी विचार केला नाही. त्या वयात माणूस विज्ञान फक्त वर्गात वापरतो.

झोपेसाठी त्यांनी काय केलं नाही! तळपायाला काशाची वाटी घासून घेतली. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. कुणी सांगितलं म्हणून खाटेची दिशा चारदा बदलली, शेवटी खाट अंगणात तिरकी उभी राहिली आणि तिला अडखळून काकू पडल्या. काकू म्हणाल्या, "आता दिशा बास. आता मला झोपवा कायमची." रक्ताचा दाब जास्त असल्याचं निघालं ते त्याच सुमाराला. फाट्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, डोक्याला घोर लावून घेऊ नका, झोप घ्या. आण्णा परत येताना दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्रच घेऊन आले.

"सर, तुमी सायन्सवालं. लेवल तुमी बघायची."

डॉक्टरांच्या कंपाउंडरनं मला एकदा दाखवलं. पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, नळी कानाला, पहिला ठोका आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. खोटं कशाला सांगू, मला मोठा अभिमान वाटला. वस्तीवरची म्हातारीकोतारी बघायला जमायची. "मास्तर डाक्टरबी हायेत," असं कुणी म्हटलं की मी ऐकलंच नाही असं दाखवायचो.

ओट्याच्या लाकडी खांबावर आण्णांनी ऑइलपेंटनं पट्टी रंगवून घेतली. शंभरपासून दोनशेपर्यंत. एकशेसाठवर लाल रेघ, शेजारी सुबक अक्षरात 'धोक्याची पातळी'. रोज सकाळी सहाला मी आकडा सांगायचा आणि त्यांनी खडूनं खूण करायची. एकदा काकूंचा भाऊ आला. खांब बघून म्हणाला, "अक्का, नातवाची उंची मोजता व्हय गं?"

"न्हाई रे," काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा पूर मोजत्यात."

खालचा आकडा ते लिहीतच नसत. "त्यो मृतसाठा, तळाचं पानी. त्यो धरायचा नसतो," असं म्हणत. आणि गोळीचं त्यांचं शास्त्र असं, की पातळी लाल रेघेच्या वर गेली की दरवाजा उघडायचा, म्हणजे गोळी घ्यायची. दोन-चार दिवसांत पातळी उतरली की दरवाजा बंद, गोळी बंद. "पातळी खाली आस्ताना दरवाजं उगडं ठिवलं तर धरान रिकामं व्हईल, सर. मानूस पन रिकामा व्हईल."

हे मला पटलं होतं. मी बी.एस्सी. होतो, बी.एड. होतो, कानाला नळी लावून ठोके मोजत होतो, आणि हे मला पटलं होतं.

पारा हळूहळू खाली यायचा, मी ठोक्याची वाट बघायचो, आण्णा माझ्या तोंडाकडं बघायचे. श्वास दोघांचाही अडकलेला. एकशेबावन्न म्हटलं की ते सोडायचे. एकशेअडुसष्ट म्हटलं की उठून गोळ्यांच्या डब्याकडं जायचे, आणि माझा तो दिवस वर्गात नीट जात नसे.

दिवसा त्यांना झोप लागायची ती फक्त एसटीत. हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं होतं. आठवड्यातून दोनदा ते आमच्या वस्तीवरून ओतूरमार्गे जुन्नरला जायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. जुन्नरला काम काही नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट, मान खिडकीला, तोंड उघडं. कंडक्टर हलवायचा, "आण्णा, जुन्नर आलं. उतरताय का झोपताय?"

"परतीचं फाड."

एका शनिवारी मी बरोबर होतो. ड्रायव्हरनं जांभई दिली. जांभईला काय आवाज असतो? पण आण्णा ताडकन उठले. "भाऊ, गाडी कडंला घे. च्या पी आदी." त्यांनी अख्खी गाडी थांबवली, ड्रायव्हरला टपरीवर चहा पाजला, तोंडावर पाणी मारायला लावलं, आणि गाडी सुरू झाल्यावर पुन्हा झोपले. मागची माणसं माझ्याकडं बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुढं आमच्या भागात बिबट्यांची वर्षं आली. लोक वाघच म्हणत. उसाच्या कडेला पाऊलखुणा दिसायला लागल्या, शेळ्या गेल्या, मग शेजारच्या शिवारातून त्याहून वाईट बातम्या यायला लागल्या. संध्याकाळी सहाला दारं लागायची. रात्रीची वीज असली तरी पाणी धरायला कुणी एकटं जाईना. शाळेत पोरं डुलक्या घ्यायची, कारण घरात कुणीच झोपत नव्हतं. वस्तीवरच्या तरुणांनी पाळ्या लावल्या. दोन-दोन तासांनी चौघं जण, हातात काठ्या, पत्र्याचे डबे, फटाके. रात्रभर डब्यांचा खणखणाट.

आणि आण्णा झोपले. असे झोपले की सकाळी सहाला मला त्यांना हलवून उठवावं लागायचं. डबे वाजतायत, फटाके फुटतायत, कुत्री केकाटतायत, सगळा तालुका जीव मुठीत धरून बसलाय आणि ओट्याच्या आतल्या खोलीत हा माणूस घोरतोय. खांबावरच्या खुणा लाल रेघेच्या खाली उतरल्या, एकशेचाळीस, एकशेअडतीस. गोळीचा दरवाजा महिनाभर बंद. पोरं चिडवायची, "आण्णा, वाघ दत्तक घ्या एखादा."

कारण काकूंनी सांगितलं. भाकरी थापता थापता, सहज. "ह्यांना वाघाचं काय न्हाई, सर. दुसरं कुनी जागं हाय म्हनल्यावर ह्ये झोपत्यात."

मी हातातला घास तसाच धरून बसलो. खिडकीवरची टकटक, माझा दिवा, एसटीचा ड्रायव्हर. एवढी वर्षं माझ्यासमोर होतं. "मग मला खोली दिली ती..."

"नाय तर काय. सावद मानूस पायजे म्हनत व्हते. तुमच्या आदी आलेला तलाठ्याचा भाचा, त्यो घोरायचा म्हनून घालवला."

पुढं वनखात्यानं पिंजरे लावले, पाळ्या थांबल्या. खुणा पुन्हा लाल रेघेकडं सरकायला लागल्या.

एका रविवारी आमची एसटी आण्णांच्या धरणाखालच्या नदीच्या पुलाजवळ पंक्चर झाली. आम्ही दोघं कठड्यावर बसलो. खाली थोडंसं पाणी होतं, बायका धुणं धूत होत्या, एक पोरगं म्हशीला घासत होतं. आण्णा तिकडं बघत होते.

"सर, मी एक आकडा खोटा लिव्हलाय."

मी त्यांच्याकडं वळलो.

"वीस वर्सं झाली. लई पाऊस व्हता. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. दोन वाजता लिव्हलं. भितीला टेकलो, त्ये चारलाच उठलो. तीनचा रकाना रिकामा. मग दोनचा आन चारचा आकडा बगितला आन मदला टाकून दिला."

"मग काय झालं?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"काय सुदिक न्हाई. पानी अंदाजापरमानंच चडलं व्हतं. सायबानं सही पन केली." त्यांनी खाली धुण्याकडं बोट दाखवलं. "पन तीन वाजता ह्या समद्यांवर कोन नव्हतं, सर. खालच्या अंगाची गावंच्या गावं झोपली व्हती, मी हाय म्हनून. आन मी नव्हतो."

मी शिकलेला माणूस. म्हणालो, "आण्णा, वीस वर्षं झाली. काही झालं नाही ना, मग सोडून द्या."

"काय झालं आस्तं तर मेमो मिळाला आस्ता, सजा झाली आस्ती, सुटलो आस्तो," ते म्हणाले. "काय झालंच न्हाई, त्याचं काय करायचं?"

टायर बदललं आणि आम्ही गाडीत बसलो. त्या दिवशी त्यांना एसटीतही झोप लागली नाही.

पुढच्या चैत्रात आमच्या गावची जत्रा होती. चार दिवस जायचं होतं. त्याआधी चार दिवस गोळी चालू होती आणि आकडा एकशेतीसच्या आसपास उतरला होता. निघायच्या सकाळी मी पट्टा सोडत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "दरवाजा बंद करू ना, सर?"

"करा," मी म्हणालो. हा शब्द माझा. तो मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

गावात मन लागेना. कुस्त्या बघतानाही खांब डोळ्यांसमोर यायचा. पाचव्या दिवशी सकाळी आलो. आण्णा खांबाला टेकून बसले होते. चार दिवसांच्या खुणा नव्हत्या. काकू म्हणाल्या, "रातभर फिरत व्हते. डोकं धरलंय म्हनत्यात." त्यांनी आण्णांच्या हातात चहा दिला. आण्णांनी घोट घेतला आणि चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. त्यांना कळलंच नाही.

"सर," ते म्हणाले, "लेव... लेव..."

मी पट्टा बांधला. पहिला ठोका आला तेव्हा पारा ज्या आकड्यावर होता, तो आकडा खांबावर नव्हता. आमची पट्टी दोनशेला संपत होती.

शेजारच्यांची टोमॅटोची जीप निघालीच होती. क्रेट उतरवले आणि आण्णांना आडवं घातलं. फाट्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, सुई लावली, हातपाय उचलायला लावले. डावा हात अर्ध्यातून खाली पडत होता. मग ते माझ्याकडं वळले. "गोळी रोज चालू होती ना?"

"रोज नाही. वाढलं की."

"वाढलं की? हे कुणी ठरवलं?"

काकू माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "त्यांनी ठरवलं. मी हो म्हणालो."

"सर, तुम्ही शिकवता काय शाळेत?"

"विज्ञान."

डॉक्टरांनी पुन्हा आण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. थोड्या वेळानं त्यांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं, की आकडा उतरला होता तो गोळीमुळं. उतरला म्हणून गोळी बंद केली, तेव्हाच हे ओढवून घेतलं. झटका लहान आहे, हात बहुतेक परत येईल. पण गोळी आता आयुष्यभर. आणि आजची रात्र त्यांना शांत झोप लागली पाहिजे. "डोळे मिटत नाहीत त्यांचे. दचकून उठतायत. असंच चाललं तर दाब पुन्हा चढेल आणि मग मी काही सांगू शकत नाही."

संध्याकाळपर्यंत आण्णांचं बोलणं बरंचसं सुटं झालं होतं. जड, पण कळणारं. ते छताकडं बघत होते. मी खाटेशेजारी स्टूल ओढलं.

"आण्णा, आपला हिशेब चुकला. वरून आवक थांबलेलीच नव्हती. बारा महिने चालू आहे. पातळी खाली दिसत होती ती दरवाजा उघडा होता म्हणून. आपण पातळी बघितली आणि दरवाजा लावला."

धरणावरच्या माणसाला ते समजायला वेळ लागायचं कारण नव्हतं. "म्हंजे एक बोट उगडा ठिवायचा. कायम."

"कायम. रोज सकाळी."

"मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं?"

"मला माहीत नव्हतं, आण्णा."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. तोंडाची एकच बाजू हसली. "म्हंजे तुमी पन अंदाजानं आकडा टाकला म्हना की."

मी मान खाली घातली. त्या वस्तीवर राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

काकूंना मी घरी पाठवलं, गाय होती, वासरू होतं. दवाखान्यातला मोठा दिवा मालवला गेला तसे आण्णा उठून बसायला लागले. कडी बघायची होती, गॅस बघायचा होता. सिस्टरनं दोनदा निजवलं. मग मी खिशातून शाळेचा कागद काढला, त्यावर रेघा मारल्या आणि वेळ घातली, दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"पट्टा लावला तर तुम्ही उठाल. म्हणून नाडी मोजतो. दर तासाला. मी जागा आहे, आण्णा. तुम्ही झोपा."

"समदे रकाने?"

"सगळे."

त्यांनी उजवा हात माझ्याकडं सरकवला. मी मनगट धरलं. दहाचा आकडा त्यांच्यासमोर लिहिला, अठ्ठ्याऐंशी. अकराला घड्याळाकडं बघून पुन्हा ठोके मोजले तेव्हा डोळे मिटलेले होते. मी कागदावर त्र्याऐंशी लिहिलं.

दोननंतर माझी मान पडायला लागली. चार रात्री जत्रेचं जागरण, सकाळचा प्रवास. भिंत अगदी पाठीशी होती. टेकलो असतो तर कुणाला कळलं नसतं; दोनचा आकडा शहात्तर होता, मधला कुणीही टाकला असता. मी स्टूल भिंतीपासून लांब ओढलं. तरीही डोळे मिटायला लागले तसा उठून उभा राहिलो, आणि उभ्यानंच मनगट धरून घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत मोजलं. दोनदा मोजलं.

सकाळी सहाला ते उठले. चेहऱ्यावर उशीचे वळ होते. आधी त्यांनी कागद मागितला. चष्मा नव्हता म्हणून तो डोळ्यांजवळ धरला आणि अंगठा एकेका ओळीवरून खाली सरकवत नेला. एका ओळीवर तो थांबला.

"तीनचा?"

"चौऱ्याहत्तर."

"खरा?"

"खरा, आण्णा. उभा राहून मोजलाय."

त्यांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. एका हातानं जमेना, म्हणून मी घालून दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मग आजून घटकाभर झोपतो."